उपटसुंभ

"अहो आजोबा, झाड कशाला तोडताय?"

रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर हा प्रश्न ऐकू आला की समजावं, नाना जवळपासच आहेत. विचारणारा बहुधा नवे बूट घालून फिरायला आलेला असतो. आवाजात पर्यावरणाची कळकळ असते आणि मोबाइल अर्धा खिशाबाहेर आलेला असतो. नाना कंबर हळूहळू सरळ करतात. हातातली करवत खाली ठेवतात. सदऱ्याच्या खिशातून दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद काढतात आणि म्हणतात, "आधी हे वाचा. शेवटून दुसरा परिच्छेद."

तो परवानगीचा कागद असतो. वनजमिनीवरची काडीही विचारल्याशिवाय हलवायची नाही, हा नियम नानांइतका कसोशीने पाळणारा माणूस मी पाहिलेला नाही. पण कागद कुणी वाचत नाही. "कागद असेल हो, पण झाड ते झाडच ना?" असं म्हणून तो माणूस आपल्या पायाने जाळ्यात येतो.

"कुठलं झाड?" नाना विचारतात.

"हे काय, हेच."

"नाव?"

माणूस गप्प.

"गिरिपुष्प. मध्य अमेरिकेतलं. टेकड्या लवकर हिरव्या दिसाव्यात म्हणून एके काळी लावलं. दिसल्या हिरव्या. आता ह्याच्या खाली काय उगवलंय ते दाखवा मला."

माणूस वाकतो. "ही काय, रोपं आहेत की!"

"कशाची?"

पुन्हा शांतता.

"गिरिपुष्पाचीच," असं म्हणून नाना करवत उचलतात.

ह्यानंतर तो माणूस एक तर कायमची वाट बदलतो, नाही तर पुढच्या रविवारी हातमोजे घेऊन हजर होतो. मी दुसऱ्या प्रकारातला. त्याला आता सहा वर्षं झाली.

पुण्यात झाडं लावणारे पैशाला पासरी मिळतात. जूनचा पहिला पाऊस पडला की खड्डा तयार, रोप तयार, पाहुणे तयार. पण झाडं काढायला पहाटे उठणारा माणूस विरळा. आमच्या काकू म्हणजे नानांच्या सौभाग्यवती ह्या माणसाला एका शब्दात पकडतात: उपटसुंभ. खरं म्हणजे कुठून तरी टपकलेला, ज्याचा कुणी आगापिछा नाही आणि तरी सगळ्यात लुडबुड करतो, तो उपटसुंभ. काकूंनी त्यातल्या 'उपट'वर जोर देऊन शब्दाला नवी नोकरी लावली. नानांना हे मान्य नाही. ते म्हणतात, "उपटसुंभ ती घाणेरी. मी उपटणारा. कर्ता आणि कर्म ह्यांत घोळ करू नये."

नाना हिशेब तपासण्याच्या नोकरीतून निवृत्त झाले. निवृत्त झाले ते नोकरीतून, हिशेबातून नाही. रविवारी साडेसहाला पायथ्याशी नानांची स्कूटर उभी असते आणि शेजारी गोणपाटावर अवजारं ओळीने मांडलेली असतात. प्रत्येकाच्या मुठीला निळा ऑइलपेंट. नाना वही उघडून मोठ्याने वाचतात: "कोयते 5, कुदळी 4, पहारी 2, घमेली 6, खुरपी 9." मग चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत, "10 होती."

ते दहावं खुरपं चार वर्षांपूर्वी एका पावसाळी रविवारी हरवलं. त्या दिवशी खुरपी गोळा करायचं काम माझ्याकडे होतं, एवढाच माझ्याविरुद्धचा पुरावा. पण नानांच्या वहीत त्या तारखेपुढे 'खुरपं 1 येणे' अशी नोंद झाली आणि पुढच्या प्रत्येक रविवारी ती बाकी पुढे ओढली गेली. मी नवं खुरपं विकत आणून दिलं. नानांनी ते घेतलं, रंगवलं आणि वेगळ्या रकान्यात 'देणगी' म्हणून लिहिलं. "येणं येणंच राहतं," ते म्हणाले. "ताळा जमला पाहिजे."

नानांचा पोशाख ठरलेला. एके काळी पांढरा असलेला पूर्ण बाह्यांचा सदरा, पँट मोज्यांत खोचलेली, डोक्याला लग्नात मिळालेला उपरण्याचा तुकडा आणि हातमोजे दोन्ही डाव्या हाताचे. उजवे फाटतात, डावे उरतात, आणि उरलेलं टाकायचं नाही ही त्यांची शिस्त. त्यामुळे उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या जागी असल्यासारखा दिसतो. त्या हाताने ते तुम्हाला काहीतरी दाखवतात तेव्हा नक्की कुठे बघायचं हे कळायला सवय लागते.

"मूळ बघा, मूळ!" हे नानांचं पालुपद. घाणेरी काढायला लागलेल्या नवख्या माणसाच्या पाठीशी उभं राहून ते हे एवढ्या वेळा म्हणतात की तो शेवटी स्वतःचंच मूळ आठवू लागतो. घाणेरी, म्हणजे आपण लहानपणी जिची काळी फळं खाल्ली आणि जिच्या फुलांतला मध चोखला ती टणटणी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचं झाड म्हणून ती आली आणि कुंपणावरून उडी मारून देशभर झाली. उडी मारायला बुलबुलांनी मदत केली. ते फळ खातात, लांब कुठल्या तरी फांदीवर जाऊन बसतात आणि बी खाली सोडतात. नाना म्हणूनच झाडाकडे न बघता झाडाखाली बघतात. "बुलबुल कुठे बसतो ते बघा, म्हणजे पुढच्या वर्षीचं काम कुठे ते कळेल."

नवखा माणूस काय करतो, कोयता घेऊन घाणेरी वरून सपासप छाटतो. अर्ध्या तासात मैदान साफ, छाती फुगलेली. नाना शांतपणे म्हणतात, "वा! हजामत छान झाली. आता पावसात दुप्पट येईल." मग ते गुडघ्यावर बसतात. खुरप्याने बुंध्याभोवतीची माती बाजूला करतात, खोड संपून मूळ सुरू होतं ती जागा बोटाने चाचपतात आणि जमिनीच्या तीनचार बोटं खाली कुदळीचा एकच घाव घालतात. ठोंब सुटतो. तो तिथेच टाकायचा नाही, उपडा करून फांदीच्या बेचक्यात अडकवायचा, मुळं आभाळाकडे. "तिला मातीचा वाससुद्धा लागता कामा नये." आमच्या टेकडीवर काही झाडांना असे वाळलेले ठोंब टांगलेले दिसतात. अनोळखी माणसांना ते करणीचे प्रकार वाटतात. एका बाईंनी तर एका ठोंबाला हळद वाहिली होती.

गाजरगवताबद्दल मात्र नानांच्या आवाजात थोडा अभिमान येतो. ह्या गवताची आपल्या देशात ठळक नोंद झाली ती 1955 च्या सुमारास, आणि कुठे? पुण्यात! "म्हणजे बघा," नाना म्हणतात, "तणसुद्धा आधी इथे आलं. मग बाकीच्या देशाला कळलं." असं म्हणता म्हणता ते फुलायच्या आतलं गाजरगवत मुळासकट उपटून गोणीत भरत असतात. अभिमान वेगळा, काम वेगळं.

भाद्रपद-आश्विनात टेकडी केशरी-पिवळ्या कॉसमॉसने भरून जाते. लोक लांबून फोटो काढायला येतात. कॉसमॉस मेक्सिकोचा. तो दाट वाढला की खालच्या आपल्या गवतांना आणि सोनकीला जागा उरत नाही, आणि बी धरायच्या आत काढला नाही तर पुढच्या वर्षी आणखी. एकदा लग्न ठरलेलं एक जोडपं छायाचित्रकारासह आलं होतं. मुलीने ओढणी हवेत सोडली, मुलाने गुडघा टेकला. छायाचित्रकार म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा ना." नाना बाजूला झाले, दुसऱ्या बाजूने उपटू लागले. पाच-सहा मिनिटांत त्या जोडप्याच्या फोटोची पार्श्वभूमीच नाहीशी झाली. शेवटी छायाचित्रकाराने वैतागून मुलाच्या हातात एक जुडी दिली आणि म्हणाला, "तुम्हीही उपटा सर, नॅचरल दिसेल." तो फोटो म्हणे त्यांच्या लग्नाच्या स्वागतकक्षात मोठा करून लावला होता. मागे डावीकडे नाना आहेत, पाठमोरे.

मोठ्या कचेऱ्यांतून गट येतात ते एकरंगी टी-शर्ट घालून. तीस माणसं, दोन रोपं, एक फलक. रोपाला तीस हात लागतात, त्यामुळे बिचारं लावायच्या आधीच सुकतं. नाना त्यांच्याशी अदबीने वागतात. फोटो होऊ देतात. मग प्रत्येकाच्या हातात पाण्याचे दोन दोन कॅन देतात आणि वरचा उतार दाखवतात. "मागच्या वर्षीच्या गटाने लावलेली रोपं तिकडे आहेत. त्यांना आळी करायची, पाणी घालायचं. फोटो लागणार नाहीत." चढावर कोण कोण कामाचं आहे ते पहिल्या वळणावर कळतं. अशाच एका गटातली चष्मा लावणारी एक पोरगी पुढच्या रविवारी एकटीच परत आली. आज पान न बघता, नुसत्या सालीवरून झाड ओळखण्यात ती नानांच्या पुढे आहे. नाना हे कबूल करतात, पण तिच्यासमोर नाही.

ह्या कामातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे काहीच न करणं, हे मला नानांकडून कळलं. पठारावर एक मोकळा गवताळ तुकडा आहे. आमच्यातल्या एका उत्साही गृहस्थांना तो ओसाड दिसतो. दर पावसाळ्यात ते तिथे पन्नास वड लावायचा प्रस्ताव आणतात. दर पावसाळ्यात नाना म्हणतात, "चंडोलाला विचारून सांगतो." चंडोल जमिनीवर, गवताच्या आडोशाला घरटं करतो. तिथे वडाची राई झाली तर त्याने जायचं कुठे? डेक्कनच्या टेकड्यांचं मूळ रूप म्हणजे गवत आणि मधे मधे काटेरी, खुरटी झाडं. ते तसंच ठेवणं हेही रक्षणच, पण त्याचा फलक होत नाही. रिकाम्या जागेसमोर उभं राहून 'आम्ही इथे काहीही केलं नाही' असा फोटो कोण काढणार?

तसंच एक वाळलेलं खोड. टेकडीवर फिरायला येणाऱ्यांनी अर्ज केला की ते धोकादायक आणि अशुभ दिसतं, पाडावं. ते पायवाटेपासून चांगलं लांब आहे हे नानांनी टेपने मोजून दाखवलं. मग म्हणाले, "आत बिऱ्हाडं आहेत. वाळवी आहे, भुंग्याच्या अळ्या आहेत, त्या खायला सुतार येतो, सुताराने केलेल्या भोकात पिंगळ्याची जोडी राहते. पुण्यात भाडेकरू काढणं एवढं सोपं आहे का?" अर्जदारांत दोन घरमालक होते. त्यांनी सुस्कारा सोडला आणि अर्ज मागे घेतला.

मे महिन्यात नाना टेकडी उतरून पाषाण तलावाकडे वळतात. भूगावच्या बाजूने बावधनमार्गे येणारी रामनदी ह्या तलावात येते आणि येताना शहराचं सगळं सांडपाणी-पुराण घेऊन येते. त्या खतावर जलपर्णी माजते. ही ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. हवा मानवली की दोनेक आठवड्यांत दुप्पट होते आणि तिचं बी गाळात 15-20 वर्षं जीव धरून राहतं. मधल्या पाण्यातली काढायला यंत्रं लागतात. आम्ही काठावरचे शिपाई. गमबूट घालून चिखलात उतरायचं, दाताळ्याने ओढायचं, घमेल्यात भरायचं आणि एकमेकांच्या हातून वर पोचवायचं. लांबून हलकीफुलकी दिसणारी जलपर्णी जवळजवळ सगळी पाणीच असते. दहावं घमेलं उचलताना आपण तलावच उचलून बाहेर ठेवतो आहोत असं वाटायला लागतं.

पहिल्याच वर्षी मी एका जागी मांडीपर्यंत रुतलो. हलावं तर आणखी खाली. मी ओरडलो. नाना काठावरून धावत आले आणि त्याहून मोठ्याने ओरडले, "घमेलं! घमेलं सांभाळा!" आधी माझ्या हातातून घमेलं घेतलं गेलं, ते सुखरूप काठावर पोचलं, मग माझ्याकडे बांबू आला. एक गमबूट अजून त्या गाळात आहे. त्याची नोंद वहीत नाही, कारण तो माझा स्वतःचा होता.

तिथेही नानांचं 'काहीच न करणं' असतंच. एका कोपऱ्यातलं पाणकणीस आणि त्याला लागून तरंगणारा हिरवा पट्टा ते कुणाला शिवू देत नाहीत. पाणकणसात जांभळ्या पाणकोंबड्या राहतात आणि तरंगत्या पानांवर लांब बोटांनी कमळपक्षी चालतात. पावसाळ्यात ते अंडी घालतात, म्हणजे मादी घालते आणि दुसरीकडे निघून जाते. उबवतो नर, पिलं सांभाळतो नर. नानांनी ही माहिती मोठ्या कौतुकाने काकूंना सांगितली. काकू एवढंच म्हणाल्या, "शिका काहीतरी."

"पण नाना," मी एकदा चिडून म्हणालो, "नदीतून मैला यायचा थांबत नाही तोवर ही पुन्हा पुन्हा येणारच. मग आपण ही हमाली कशाला करतोय?"

"दाढी पुन्हा येते म्हणून कुणी करायची सोडतं का?" नाना म्हणाले.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चार दिवसांची पांढरी खुंटं होती. त्यांच्याही ते लक्षात आलं. "रविवारी नाही करत मी," ते म्हणाले आणि घमेलं पुढे केलं. थोड्या वेळाने, पाठ माझ्याकडे असताना, हळूच म्हणाले, "मैल्याचं पत्र दिलंय. चौथं. त्याची फाइल वेगळी आहे."

पक्ष्यांच्या मराठी नावांवर नानांचा फार जीव. काळ्या अंगाचा, कपाळाला पांढरा टिळा लावून थव्याने तरंगणारा तो वारकरी. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी तांबडा ठिपका असलेलं ते हळदी-कुंकू बदक. ह्या नावावरून एकदा घरात महाभारत झालं. संक्रांतीच्या आठवड्यात नानांनी काकूंना सांगितलं, "तळ्यावर हळदी-कुंकू आहे. सकाळी लवकर निघू." लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेल्यावर नवरा आपण होऊन हळदी-कुंकवाला नेतोय ह्या आनंदात काकू ठेवणीतली साडी नेसल्या, गजरा माळला, वाणासाठी प्लॅस्टिकचे सहा डबे पिशवीत घेतले आणि स्कूटरवर मागे बसल्या. तळ्यावर नानांनी त्यांच्या हातात दुर्बीण दिली. काकूंनी दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "चोच छान रंगवलीय. आता मला माहेरी सोडा." त्या सहा डब्यांतून नाना आता बी गोळा करतात. पांगारा, बहावा, शिवण, भोकर, आपटा, अशा चिठ्ठ्या लावलेल्या आहेत. सहाव्या डब्यावर काकूंच्या अक्षरात 'साखर' असं लिहिलेलं आहे आणि त्यात खरोखर साखर आहे. तो त्यांनी जिंकून परत घेतला.

नानांच्या घरच्या न्हाणीघरातला नळ सहा महिने गळतोय. नाला बंधाऱ्यातून पाणी कुठे पाझरतं हे लांबून सांगणाऱ्या माणसाला तो दिसत नाही, असं काकूंचं म्हणणं. नाना म्हणतात, दिसतो, पण वायसर रविवारी मिळत नाही. बाकीचे सहा वार नानांच्या पंचांगात नसावेत. सोसायटीच्या बागेला नव्या माळ्याने शोभेच्या घाणेरीची कुंपणपट्टी लावली तेव्हा मात्र नाना सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, रोज सचिवांच्या दारात होते. सचिव म्हणाले, "अहो, रंग बघा किती सुंदर." नाना म्हणाले, "कोलकात्यालाही असंच म्हणाले होते."

असा हा माणूस एकदाच चुकलेला मी पाहिला. एप्रिल होता. एप्रिलमध्ये टेकडीवरची बहुतेक झाडं पानं टाकून राखाडी काठ्या होऊन उभी असतात आणि काठ्यांना नाव नसतं. उन्हं चढत होती, नानांना संपवायची घाई होती. 'घाई कुणाला आहे?' असं एरवी आम्हाला विचारणारे नाना, त्या दिवशी त्यांनाच घाई होती. गिरिपुष्पांच्या रांगेतलं मनगटाएवढं एक खोड त्यांनी करवतीने सपकन उतरवलं. चष्मेवाली पोरगी जवळच होती. ती वाकली, कापलेल्या जागी बोट लावलं आणि अगदी हळू म्हणाली, "नाना, साल आतून लाल आहे."

मोई होती. अस्सल इथली.

नाना खाली बसले. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही, पोह्यांचा डबा उघडला नाही. वहीत लाल शाईने लिहिलं: 'मोई 1. माझी चूक.' खाली सही केली, तारीख घातली आणि साक्षीदार म्हणून त्या पोरीची सही घेतली. ती रडायच्या बेतात होती.

दुसऱ्या दिवसापासून नाना रोज संध्याकाळी पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन टेकडी चढू लागले. खुंटाभोवती आळं केलं, पालापाचोळ्याचं आच्छादन दिलं. मी एकदा मागोमाग गेलो. हयातभर खुंटांना 'खबरदार फुटलास तर' असं दरडावणारा हा माणूस त्या खुंटासमोर उकिडवा बसून त्याची मनधरणी करत होता. मोई चिवट असते, फांदी रोवली तरी जगते, हे त्यांना माहीत होतं. त्यांनीच आम्हाला ते सांगितलेलं. पण माहीत असणं वेगळं आणि रोज जाऊन कोरडं खुंट बघणं वेगळं. मी आल्या पावली परत फिरलो.

मृगाचा पाऊस झाला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला माझा फोन वाजला. "फुटली!" पलीकडून नाना ओरडले. मी काही बोलायच्या आत फोनमध्येच काकूंचा घाबरा आवाज आला, "काय फुटली? टाकी?"

त्या मोईला आज पाच धुमारे आहेत. नानांनी त्यातले तीन काढून दोन ठेवावेत असं शास्त्र सांगतं. नाना अजून निर्णय घेत आहेत.

गेल्या वर्षी नानांचा गुडघा बदलला. दवाखान्याच्या खिडकीतून वाहनतळाच्या कडेचं गाजरगवत दिसत होतं. घरी सोडण्याच्या दिवशी ते वॉकर घेऊन तिकडे निघाले होते, काकूंनी सदऱ्याच्या मागच्या टोकाला धरून गाडीत बसवलं. आता वर चढायला बंदी आहे. नाना पायथ्याशी पळसाखाली घडीच्या खुर्चीत बसतात, अवजारं मोजून देतात, मोजून घेतात आणि मधल्या वेळात येणाऱ्या-जाणाऱ्यांना कागद दाखवतात, आता तर कुणी काही विचारायच्या आतच.

वर उजव्या अंगाला एक उतार आहे, तो नानांचा खास पट्टा. वर्षानुवर्षं तिथे दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता, कारण आम्ही मूळ बघत नाही. एक पावसाळा नाना नाहीत म्हटल्यावर बुलबुलांनी तिथे आपलं काम चोख केलं. मागच्या महिन्यात मी तिथे गेलो. कंबरेएवढी घाणेरी. गुडघ्यावर बसलो, माती बाजूला केली, बोटाने जागा चाचपली, कुदळीचा घाव घातला. खण् असा आवाज आला. ठोंब ओढून काढला तर मुळांच्या जाळीत एक गंजलेलं पातं गुंतलेलं. मूठ वाळवीने खाल्लेली, पण कडीपाशी नखाएवढा निळा ऑइलपेंट शाबूत.

खाली आल्यावर मी एक शब्द बोललो नाही. अवजारं गोणपाटावर मांडली. नाना मोजू लागले. "कोयते 5, कुदळी 4, पहारी 2, घमेली 6, खुरपी..." ते थांबले. पुन्हा मोजली. दहावं हातात घेतलं, उलटंपालटं केलं, निळ्या रंगावर अंगठा फिरवला.

"कुठे?"

"तुमच्या पट्ट्यात."

पळसावर बुलबुल बोलत होता. त्याला ह्या प्रकरणात किती माहीत होतं कोण जाणे. नानांनी वही काढली, चार वर्षं मागची पानं उलटली, ते पान शोधलं. 'खुरपं 1 येणे' ह्यावर रेघ मारली आणि पुढे बारीक अक्षरात 'जमा' असं लिहिलं. किती तरी वेळ ते पानाकडे बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. चार वर्षं म्हणजे दोनशेच्या वर रविवार होतात. तेवढ्या वेळा चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं होतं त्यांनी.

नानांनी वही मिटली, चष्मा पुसला आणि माझ्या गोणीतून डोकावणाऱ्या त्या ठोंबाकडे बोट केलं. डावा हातमोजा घातलेल्या उजव्या हाताचं बोट, पण ह्या वेळी कुठे बघायचं ते मला बरोबर कळलं.

"मूळ चांगलं काढलंत," ते म्हणाले.